बर्फाखालचा कच्चा थर

(निलंगा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



निलंग्यात हिमस्खलनावर व्याख्यान आहे, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. आपल्याकडे बर्फ पडतो तो गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा हाताशी आलेला हरभरा आणि गहू झोडपून निघाला आणि शेतात पांढरा थर साचलेला आपण पाहिला. दुसऱ्या दिवशी तो विरघळून गेला. बर्फाशी आपला परिचय एवढाच. मग काश्मीरच्या आणि गढवालच्या डोंगरातील हिम आपल्या चिंतेचा विषय का व्हावा?

त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. २५ जानेवारी २०१७ रोजी काश्मीरच्या गुरेझ क्षेत्रात लष्कराचे जवान हिमस्खलनात सापडले. त्यानंतर तीन दिवसांनी माछिल क्षेत्रात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या पाच जवानांना सहकाऱ्यांनी जिवंत बाहेर काढले. परंतु हवामान इतके बिघडले होते की, त्यांना श्रीनगरला हलविण्यास विलंब झाला. ३० जानेवारीला रुग्णालयात त्या पाचही जणांनी प्राण सोडले. त्यांत एक जवान परभणी जिल्ह्याचा होता. त्याच्या आदल्या वर्षी, ३ फेब्रुवारी २०१६ ला, सियाचिनवरील सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटचे दहा जण गेले. त्यांत एक जवान आपल्या सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील होता. ज्या गावात टँकरने पाणी येते, त्या गावाचा मुलगा पाण्याच्या घन रूपाखाली गाडला जावा, हा दैवयोग विलक्षण आहे.

अशी वार्ता आली की आपण चौकात फलक लावतो, मेणबत्त्या लावतो, घोषणा देतो. त्यामागची भावना खरी असते. पण तो जवान कशाशी लढत होता, हे कोणी विचारत नाही. सियाचिनवर नोव्हेंबर २००३ पासून शस्त्रसंधी आहे, तोफा शांत आहेत. तरीही २०१६ मध्ये दहा जण गेले. १९८४ च्या एप्रिलमध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’ने आपण ती हिमनदी ताब्यात घेतली. तेव्हापासून तेथे शत्रूच्या गोळीने जितके गेले, त्याहून अधिक जवान हवामानाने, उंचीने आणि हिमाने नेले. ज्याच्याविषयी आपण इतका अभिमान बाळगतो, त्याचा खरा प्रतिपक्षी आपल्याला ठाऊक नसावा, हे बरे नव्हे.

आता मी तुम्हांला डोंगरावर नेण्याआधी किल्लारीला नेणार आहे. येथे चाळिशीच्या पुढचे जे बसले आहेत, त्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगावी लागत नाही. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली आणि औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांतील गावेच्या गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्यू पावली. लष्कर आले, ठिकठिकाणचे स्वयंसेवक आले, त्यांनी ढिगारे उपसले, अंत्यसंस्कार केले. पण पहिल्या काही तासांत ज्यांना बाहेर काढले गेले, त्यांना काढणारे हात शेजाऱ्यांचेच होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

ती घरे का पडली, याचा अभ्यास पुढे तज्ज्ञांनी केला. आपल्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती असत आणि वर लाकडावर मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी गळती होऊ नये म्हणून त्यावर दरवर्षी आणखी माती घातली जाई. वरचे ओझे वर्षानुवर्षे वाढत गेले आणि खालची भिंत मात्र आतून पोकळ, दगडांना एकमेकांत गुंफणारा दुवा नसलेली. घर बाहेरून किल्ल्यासारखे भक्कम दिसे. धक्का बसला तेव्हा खालचे आधी विस्कटले आणि वरचे सगळे अंगावर आले.

डोंगरउतारावरचे हिम अगदी असेच असते. हिम म्हणजे कापसाची एकसंध गादी, असे आपल्याला चित्रपट पाहून वाटते. प्रत्यक्षात ते माळवदासारखे थराथरांनी रचले जाते. भूमध्य सागराकडून येणारे पश्चिमी विक्षोभ डिसेंबर ते मार्च या काळात हिमालयावर एकामागून एक आदळतात आणि प्रत्येक जण आपला एक थर टाकून जातो. दोन विक्षोभांच्या मध्ये ऊन पडते, वारा सुटतो, निरभ्र रात्री येतात आणि या प्रत्येक गोष्टीची खूण पृष्ठभागावर उमटते. उन्हाने वरचा पापुद्रा वितळून रात्री काचेसारखा गोठतो. शांत, निरभ्र रात्री हिमावर दहिवराची नाजूक पाने धरतात. दिसायला ती फार सुंदर असतात, पण पुढचा हिमवर्षाव त्यांच्यावर पडला की तीच पाने दोन थरांमधली घसरण बनतात. महिना-दीड महिना ती तशीच दबून राहू शकतात.

सर्वांत फसवा थर तळाशी तयार होतो, आणि तो समजून घ्यायला साखरेच्या या मुलखातल्या माणसाला अडचण पडू नये. हिमाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा मात्र उणे वीस. थर पातळ असेल तर एवढ्याशा जाडीत तापमानाचा हा सगळा फरक सामावतो. त्यामुळे तळाशी हिमाची वाफ होऊन ती वर सरकत राहते आणि जाता जाता कणांचे रूप पालटून टाकते. गोल, एकमेकांना धरून राहणारे कण जातात आणि त्यांच्या जागी मोठे, टोकदार, सुटे स्फटिक येतात. मूठभर हातात घेतले तर बोटांतून साखरेसारखे गळतात, त्यांचा गोळा वळत नाही. आता कल्पना करा की, कारखान्याच्या गोदामात उतरत्या फरशीवर सुटी साखर पसरली आहे आणि तिच्यावर पोत्यांची थप्पी रचत चालला आहात. थप्पी कोठवर टिकेल?

म्हणूनच ‘यंदा बर्फ कमी आहे, तेव्हा धोका कमी’ हा समज उलटा आहे. हंगामाच्या आरंभी थोडासा बर्फ पडून नंतर दीर्घ काळ कोरडी, कडाक्याची थंडी राहिली, तर तळ भुसभुशीत होतो. मग जानेवारीच्या शेवटी जोराचा हिमवर्षाव झाला की त्या तळावर एकदम मोठे ओझे येते. काराकोरमसारख्या कोरड्या, अतिशीत भागात हा प्रकार विशेष घडतो. पीर पंजालमध्ये हिम दाट आणि ओलसर पडते, तेथे मोठ्या हिमवर्षावाच्या वेळी व लगेच नंतरचा काळ आणि वसंतातले ऊन हे अधिक घातक. जाणकार पर्वतारोही मार्चनंतर पहाटे तीनला निघून दुपारच्या आत उतार सोडतात, ते हौसेने नव्हे.

धोका कोणत्या उतारावर? सपाटीवर हिम घसरत नाही आणि अगदी उभ्या कड्यावर ते साचत नाही. मधला, तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत वाईट. आपल्या घराच्या जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे जिन्याएवढा किंवा त्याहून थोडा उभा उतार दिसला की सावध व्हावे. चालायला आणि घसरगुंडी खेळायला तोच मोहक वाटतो, हे आणखी एक. वाऱ्याचे काम तर कोणाच्या लक्षातच येत नाही. आकाश निरभ्र असताना वारा डोंगराच्या एका अंगाचे हिम उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन टाकतो, आणि आडोशाच्या बाजूला काही तासांत एवढा थर साचतो की एरवी त्यासाठी दिवसभर हिमवर्षाव व्हावा लागला असता. ‘बर्फ तर पडलाच नाही, मग हे कोसळले कसे?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा वाऱ्यात असते.

थर तुटतो तेव्हा तो भुगा होऊन सांडत नाही, लादीसारखा अखंड सुटतो. पन्नास मीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि जेमतेम अर्धा मीटर जाड अशी लादी डोंगरात लहानच म्हणायची. एका घनमीटरला दोनशे किलो धरले, तरी तिचे वजन अडीचशे टन भरते. दहा-दहा टनांचे उसाचे पंचवीस ट्रक एकाच वेळी उतारावरून सुटावेत, तसे हे आहे, आणि कोरड्या हिमाची ही धाव ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. तिच्यापुढे धावून कोणी सुटत नाही. आरोळी मारल्याने हिमकडे कोसळतात, ही मात्र चित्रपटांची देणगी आहे. आवाजात तेवढे बळ नसते. माणसाच्या वजनात असते. गिर्यारोहक आणि पर्यटक ज्या हिमस्खलनांत सापडतात, त्यांतली बहुतेक त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी त्या लादीवर पाऊल टाकल्याने सुटलेली असतात. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणे, पावलापासून भेग झर्रकन पुढे धावणे, समोरच्या तशाच उतारावर ताजी घसरण दिसणे या निसर्गाने दिलेल्या सूचना आहेत, आणि त्या मिळाल्यावर पुढे जाणे याला धैर्य म्हणत नाहीत.

आता किल्लारीची ती गोष्ट. दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली माणूस दिवस-दोन दिवसही तग धरू शकतो, कारण फटींतून हवा येत असते. हिमाखाली तसे नाही. घसरताना पिठासारखे वाटणारे हिम थांबताक्षणी सिमेंटसारखे आवळते. बोटही हलविता येत नाही. उच्छ्वासाच्या उबेने तोंडापुढचे हिम वितळून पुन्हा गोठते आणि नाकासमोर बर्फाचे झाकण तयार होते. स्वित्झर्लंडमधील नोंदींचा अभ्यास असे सांगतो की, पूर्ण गाडल्या गेलेल्यांना दहा मिनिटांच्या आत बाहेर काढले, तर दहांतले नऊ वाचतात. अर्ध्या तासाने काढले, तर दहांतले तीन. दहा मिनिटांत कोणते हेलिकॉप्टर येणार? कोणती शासकीय यंत्रणा पोहोचणार? जो शेजारी उभा आहे, तोच वाचवू शकतो, आणि तोही त्याच्याजवळ साधन असेल व सराव असेल तरच.

ही साधने तीन. अंगावर बांधायचा छोटा रेडिओ-संकेतक, ज्याला बीकन म्हणतात. घडीची लांब शोधसळई. आणि धातूचे फावडे. तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत. एकाच माणसाच्या पिशवीत सर्वांची फावडी ठेवली आणि नेमका तोच गाडला गेला, तर काय करणार? संकेतकाचा सराव नसेल तर तो गळ्यातल्या ताइतासारखा होतो. शाखेत रोज दंडाचा सराव करणाऱ्यांना मी सरावाचे महत्त्व सांगावे, असे नाही.

येथे कोणी लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड यांचे नाव घेईल. सोनम ठाण्याची उंची एकोणीस हजार फुटांच्या वर. कडा कोसळल्यावर सहाव्या दिवशी, सुमारे पंचवीस फूट बर्फ यंत्रांनी कापून, शोधश्वानांच्या साहाय्याने आपल्या जवानांनी त्यांना जिवंत शोधून काढले. धारवाड जिल्ह्यातील बेटदूर गावचा हा वीर ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात निवर्तला. सारा देश त्या तीन दिवसांत देवापुढे बसला होता. ते इतके दिवस टिकले, त्याचे श्रेय तंबूच्या आडोशाने राहिलेल्या हवेच्या पोकळीला आणि त्यांच्या योगसाधनेने घडलेल्या शरीराला दिले गेले. दुसऱ्याविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, पहिल्याविषयी शंका नाही. पण हा अपवाद आहे, आणि अपवादावर विसंबून नियोजन करता येत नाही.

काही विद्वान अशा घटनेनंतर लगेच लिहितात की, सियाचिनसारख्या ठिकाणी सैन्य ठेवावेच कशाला. त्यांच्या करुणेविषयी मला शंका नाही, निष्कर्ष मात्र मान्य नाही. सोडलेली शिखरे पुन्हा घेण्याची किंमत काय असते, हे १९९९ मध्ये कारगिलने दाखविले. शिवाय हिम कोणाचीच बाजू घेत नाही. ७ एप्रिल २०१२ ला पलीकडे गयारी येथे पाकिस्तानी सैन्याचा अख्खा तळ गाडला गेला आणि एकशे चाळीस माणसे गेली. पहिल्या महायुद्धात, १३ डिसेंबर १९१६ ला, आल्प्समधील मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रियाच्या एका छावणीवर हिम कोसळून अडीचशेहून अधिक सैनिक मृत्यू पावले होते. प्रश्न ठाणे सोडण्याचा नाही. ठाणे कोठे वसवावे, गस्त कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळी जावी, याचा आहे.

त्यासाठी आपल्या देशाने स्वतःची संस्था उभारली, ही समाधानाची गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९६९ मध्ये मनाली येथे हिम आणि हिमस्खलन अध्ययन संस्था सुरू झाली. पुढे ती संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचा भाग म्हणून काम करू लागली. २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेशी तिचे विलीनीकरण होऊन संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था असे तिचे नाव झाले. तिची निरीक्षण-केंद्रे हिमालयात दूरवर आहेत. हिमात खड्डा खणायचा, एकेक थर बोटाने, पेन्सिलीने दाबून पाहायचा, त्याचे तापमान आणि कणांचा आकार टिपायचा, हे काम निरीक्षक उणे तापमानात करतात. त्यावरून जिल्हावार इशारे निघतात. या माणसांची छायाचित्रे फलकावर लागत नाहीत.

आणि इशारा निघाला म्हणजे काम झाले, असेही नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा येथे सीमा मार्ग संघटनेच्या कामगारांची छावणी हिमस्खलनात सापडली. चोपन्न कामगारांपैकी शेहेचाळीस वाचले, आठ गेले. ते राहत होते त्या लोखंडी कंटेनरमुळे पुष्कळांना श्वासापुरती जागा मिळाली. या घटनेच्या आदल्या संध्याकाळीच चमोलीसह उत्तराखंडच्या उंच भागांसाठी हिमस्खलनाचा इशारा प्रसिद्ध झाला होता. कार्यालयातून निघालेला कागद आणि डोंगरात झोपलेला मजूर यांच्यामधले हे अंतर कोणी कापायचे?

माणा म्हणजे बद्रीनाथच्या पुढचे गाव. आपल्या निलंग्यात नीळकंठेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे, आणि बद्रीनाथच्या मागे उभे असलेल्या हिमशिखराचे नावही नीळकंठच. येथील अनेक कुटुंबे तेथे यात्रेला जाऊन आली असतील. दिवाळीनंतर बद्रीनाथाची कपाटे बंद होतात, पूजा खाली ज्योतिर्मठाकडे येते. केदारनाथाची उत्सवमूर्ती उखीमठाला उतरते. माण्याचे भोटिया गावकरी गुरेढोरे घेऊन खालच्या गावांत जातात. देवानेही हिवाळ्यात डोंगर उतरावा, ही प्रथा श्रद्धेची आहे, आणि तिच्यात भूगोलाचे पक्के भान आहे. सीमेवरचा रस्ता बंद ठेवून चालत नाही, तो राष्ट्राचा प्रश्न आहे. पण हिवाळी सहलीला जाणाऱ्याला कोणती निकड असते?

हे मी मुद्दाम बोलतो, कारण लातूर-नांदेडची तरुण मुले आता डिसेंबर-जानेवारीत हिमालयात जाऊ लागली आहेत. त्यांनी जावे. तरुणांनी घरात बसून हिमालयाची चित्रे पाहावीत, असे मी कधीच म्हणणार नाही. पण प्रशिक्षणही सर्वस्वी कवच नसते, हे लक्षात घ्यावे. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा चमू द्रौपदी का दांडा या शिखराच्या वाटेवर हिमस्खलनात सापडला आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी मिळून एकोणतीस जण गेले. तो हिवाळाही नव्हता. नुकत्याच पडलेल्या हिमाचा थर होता.

तेव्हा पालकांनो, मुलाने सहलीचे पैसे भरण्याआधी त्या आयोजकाला दूरध्वनी करा. जेवणात काय असेल, हे नंतर विचारा. आधी विचारा की, निघायच्या दिवशी त्या जिल्ह्याचा हिमस्खलनाचा इशारा कोण पाहणार आहे, आणि तो प्रतिकूल असला तर सहल थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे. मार्गावर जिन्यापेक्षा उभे उतार कोठे येतात आणि ते एकेकाने ओलांडायचे की सगळ्यांनी रांगेने? बीकन, सळई आणि फावडे प्रत्येकाला मिळणार का, आणि ती वापरायला कोण शिकविणार? मोठा हिमवर्षाव झाल्यावर दोन दिवस मुक्कामीच थांबण्याची सोय वेळापत्रकात आहे का? रेल्वेचे परतीचे आरक्षण ठरलेले असते आणि त्या आरक्षणापायी माणसे नको त्या सकाळी निघतात, असे पर्वतात राहणारे सांगतात.

या प्रश्नांवर तो माणूस शांतपणे उत्तरे देऊ लागला, तर मुलाला निश्चिंत मनाने पाठवा. तो हसून म्हणाला, ‘काका, काळजी करू नका, कालच आमचा एक गट त्याच वाटेने सुखरूप उतरला’, तर त्याला एवढेच विचारा की, काल रात्री तेथे वारा कोणत्या दिशेचा होता.